सोलापूरची दुपार बाराला होत नाही

५ जानेवारी

वहीच्या पहिल्या पानावर प्रकल्पाचं नाव लिहून झालं: ‘मध्यान्हीच्या सावलीवरून सोलापूरचा अक्षांश’. नाव भारदस्त, सामान मात्र किरकोळ. बारा मिलिमीटरची सळई, अर्ध्यात कापलेला तेलाचा डबा आणि डब्यात काँक्रीट. रविवार असल्यामुळं शेजारचे गवंडीकाका घरीच होते. त्यांनी डबा गच्चीवर चढवून दिला, ओळंबा सोडला आणि एक डोळा मिटून म्हणाले, “दोन सूत कललीय.”

आमच्या घरात सूत म्हणजे धागा. बाबा यंत्रमागावर, आई टॉवेलच्या कडा शिवते. त्यामुळं ‘दोन सूत’ ऐकल्यावर मी दोरा कुठं लोंबतोय ते शोधायला लागले. काका हसले. गवंड्याचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग; दोन सूत म्हणजे पाव इंच, सहा मिलिमीटरच्या थोडं वर.

काँक्रीट ओलं होतं तोवर सळई सरळ करून घेतली. रात्री हिशेब मांडला. वरचं टोक उत्तरेला किंवा दक्षिणेला सहा मिलिमीटर सरकलं, तर अक्षांश साधारण एक तृतीयांश अंशानं चुकतो. जमिनीवर ते पस्तीस-चाळीस किलोमीटर होतात. काकांनी डोळा मिटला नसता तर माझं सोलापूर तुळजापूरच्या रांगेत जाऊन बसलं असतं.

सळईची उंची गच्चीच्या फरशीपासून १०० सेंटिमीटर. तीनदा मोजली.

७ जानेवारी

पहिलं मोजमाप. कॉलेजवरून सायकल हाणत आले, कारण बारा वाजता सावली मोजायची होती. बाराला सावली भरली ८६.५ सेंटिमीटर. लिहिलं, टेप गुंडाळला. खाली जाता जाता सहज मागं बघितलं तर सावलीचं टोक माझ्या खडूच्या खुणेपासून आत सरकलेलं. म्हणजे अजून आखडतच होती!

मग बसलेच. १२:१० ला ८५.५, १२:२० ला ८४.५, १२:३० ला ८४, आणि १२:४० ला परत ८४.५. सगळ्यात छोटी सावली साडेबाराच्या आसपास.

सर्वांत छोटी सावली म्हणजे मध्यान्ह, हे पाठ आहे. बारा वाजता मध्यान्ह असते, हेही पाठ आहे. दोन्ही एकाच डोक्यात इतकी वर्षं शेजारी शेजारी बसून होती, कधी भांडली नाहीत.

खाली आले तर आज्जी म्हणाली, “काय करायलीस गं उन्हात तासभर?” बाबांची रात्रपाळी असते, ते एकपर्यंत झोपतात. गच्चीवर चपला काढून चालायचं, असा नवा नियम झाला.

९ जानेवारी

भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. तो मिर्झापूरजवळून जातो. सोलापूर ७५.९ अंशावर. फरक ६.६ अंश, आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. म्हणजे मिर्झापूरला मध्यान्ह झाली की आमच्याकडं व्हायला अजून २६ मिनिटं हवीत. घड्याळ मिर्झापूरचं, सावली सोलापूरची.

वाचता वाचता पुढं जात राहिले, हा माझा दोषच आहे. ही प्रमाणवेळ १९०६ साली सुरू झाली, पण मुंबईनं स्वतःची वेळ सोडली नाही. प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागं असलेली ‘बॉम्बे टाइम’ तिथं १९५५ पर्यंत चालली. शाळेत हे वाचलं असतं तर मुंबईकरांचा हट्ट म्हणून सोडून दिलं असतं. आता वाटतं, त्यांचं निम्मं तरी बरोबर होतं. त्यांच्या गच्चीवरची सावली त्यांच्याच बाजूनं होती.

एक गोष्ट मात्र जुळत नाही. २६ मिनिटांच्या हिशेबानं मध्यान्ह १२:२६ ला हवी. माझी १२:३० च्याही पुढं जाते. सहा मिनिटं कुठली? आईनं स्वयंपाकघरातलं घड्याळ पाच मिनिटं पुढं ठेवलंय, पण मी मोबाइल वापरते. प्रश्न वहीत लाल पेनानं लिहून ठेवला.

१५ जानेवारी

गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वरच्या यात्रेचे दिवस. गेले तीन दिवस मोजमाप नाही, वहीत तीन रकाने कोरे. यात्रेच्या दिवसांत सोलापुरात गच्चीवर बसून सावली मोजणारी मुलगी म्हणजे घरच्यांची काळजी वाढवणारी मुलगी.

नंदीध्वजांची मिरवणूक बघायला गेलो. सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, वरून बाजूबाजूनं ओवाळणी. उंच काठी कमरेच्या पट्ट्यावर तोलून माणूस चालतो तेव्हा सगळे वर बघतात. मी खाली बघत होते. काठीची सावली गर्दीच्या डोक्यांवरून, फेट्यांवरून, एका फुगेवाल्याच्या फुग्यांवरून लवचिक होऊन चालली होती. भावानं कोपर मारलं, “वर बघ की.”

घरी आल्यावर आज्जी तिळगूळ हातावर ठेवत म्हणाली, “आता दिवस तिळातिळानं वाढणार बघ.” मी वही दाखवली. सावली ७ तारखेला ८४ होती, आज ८०.५. म्हणजे सूर्य संक्रांतीची वाट न बघता आधीच उत्तरेला निघालाय. खरं तर तो २१-२२ डिसेंबरलाच वळतो. फार पूर्वी ते वळणं आणि मकर संक्रमण एकाच सुमारास पडायचं. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो, सुमारे ७२ वर्षांत एक अंश, त्यामुळं दोन्हींत आता तीन आठवड्यांहून जास्त अंतर पडलंय.

आज्जीनं सगळं शांतपणे ऐकलं. “मग डिसेंबरात कोण तीळ देणार तुला?” म्हणाली.

२८ जानेवारी

लाल पेनाचा प्रश्न वाढला. मध्यान्ह ७ तारखेला १२:३२ च्या सुमारास होती. आज सावली १२:३९ पर्यंत आखडत राहिली. तीन आठवड्यांत सात मिनिटं. सळई हलली का ते बघितलं, ओळंबा परत लावला. सळई जागेवर आहे.

सरांना विचारलं. ते फळ्याकडं गेले, एक अंडं काढलं आणि तासाला निघून गेले. बाकीचं वाचनालयात बसून काढावं लागलं. कारणं दोन. एक, पृथ्वीची कक्षा किंचित लांबट आहे. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते आणि तेव्हा ती सगळ्यात जोरात पळते. (आपण स्वेटर घालून बसतो तेव्हा आपण सूर्याच्या सगळ्यात जवळ असतो, हे मला अजून पटवून घ्यावं लागतं.) पळताना ती पुढं जास्त सरकते, म्हणून सूर्य परत मध्यान्हीच्या जागी यायला तिला नेहमीपेक्षा थोडं जास्त वळावं लागतं. दोन, तिचा अक्ष कललेला असल्यामुळं सूर्याची आकाशातली वाट तिरकी आहे, त्यामुळंही मागंपुढं होतं. दोन्ही मिळून फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य सरासरीच्या १४ मिनिटं उशिरा येतो. सोलापुरात तेव्हा मध्यान्ह १२:४० ला. मेच्या मध्यावर उलट, जवळजवळ चार मिनिटं लवकर, १२:२३ ला.

म्हणजे चोवीस तासांचा दिवस ही घड्याळाची सोय. सूर्याचा दिवस रोज काही सेकंद कमीजास्त भरतो. हे वाचून मला उगाच बरं वाटलं. माझाही दिवस चोवीस तासांत बसत नाही.

आजचा दिवस लिहूनच ठेवते. पाच वाजता नळाला पाणी, आज आमचा पाण्याचा दिवस. सात ते अकरा कॉलेज. १२:३९ ला सावली. दुपारी टॉवेल, आईनं शिवलेल्या कडांचे दोरे कापायचे आणि डझनाच्या थप्प्या लावायच्या. चारला टेम्पो येतो. पाच ते सात आठवीच्या दोन पोरांची शिकवणी. आठनंतर अभ्यास. वाचन कधी? रोज दहा पानं, असं ठरवलंय. थप्प्या मोजताना पुस्तक समोर ठेवून बघितलं. पान डोक्यात गेलं आणि एका थप्पीत अकराच टॉवेल गेले. परत सगळ्या थप्प्या सोडून मोजल्या.

२१ फेब्रुवारी

कबुली. १८ तारखेला प्रात्यक्षिक लांबलं, मी दीडला घरी पोचले. १६ ची सावली होती ५८.२, १९ ची ५५.६. मधला आकडा काढणं काही अवघड नाही. १८ च्या रकान्यात ५६.४ लिहून टाकलं. वेळसुद्धा लिहिली, १२:४०.

आज आलेख काढला. प्रत्येक खरा बिंदू रेषेच्या थोडा वर, थोडा खाली. कुठं तीन मिलिमीटर, कुठं पाच. आणि १८ तारीख रेषेवर नेमकी बसलेली, शाळेत पहिल्या बाकावर हाताची घडी घालून बसतात तशी. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. मला त्या बिंदूशिवाय दुसरं काही दिसेना.

वर्गातली मैत्रीण म्हणाली, “सूत्र आहेच की, सगळे रकाने भरून टाक, सर काय गच्चीवर येणारेत?” तिचं सूत्र बरोबर आहे. पण सगळे रकाने सूत्रानं भरायचे तर सळई काढून तिच्यावर टॉवेल वाळत घातलेले काय वाईट?

५६.४ वर आडवी रेघ मारली. खोडलं नाही, वाचता येईल असं ठेवलं. शेजारी लिहिलं: मोजलेलं नाही. आणि एक नवा रकाना आखला, ‘नसेल तर का’.

२ मार्च

सावलीला टोक नसतं. दोन महिने टोक टोक म्हणतेय आणि आज गुडघ्यावर बसून, नाक फरशीला लावून बघितलं तेव्हा कळलं. काळा भाग संपतो, मग करडा सुरू होतो, आणि करडा कुठं संपतो ते डोळा ठरवतो. माझ्या डोळ्यानं एक खूण केली, भावाच्या डोळ्यानं दुसरी. दोन्हींत सात मिलिमीटर.

दोष डोळ्यांचा नाही. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात तो अर्ध्या अंशाची थाळी आहे. थाळीच्या वरच्या कडेची सावली वेगळी, खालच्या कडेची वेगळी; मीटरभर उंचीवर तो फरक जमिनीवर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर पसरतो. शिवाय आपला डोळा काळं संपलं की थांबतो, म्हणून सावली नेहमी थोडी आखूडच मोजली जाते.

उपाय पुस्तकात एका ओळीत होता, करायला दुपार गेली. बिस्किटाच्या डब्याचा पत्रा चौकोनी कापला, खिळ्यानं भोक पाडलं, आणि तो सळईच्या टोकाला तारेनं बांधला, भोक बरोबर १०० सेंटिमीटरवर. आता पत्र्याच्या सावलीच्या मध्ये उजेडाचा एक ठिपका पडतो, बोराएवढा. तो ठिपका म्हणजे सूर्याचं चित्रच. त्याच्या मधोमध खूण करायची. आई गहू वाळत घालायला वर आली होती. तिनं ठिपक्यावर तळहात धरला आणि हात खाली-वर करून तो लहानमोठा करत राहिली. गव्हाचं बराच वेळ विसरली.

२० मार्च

काल रंगपंचमी. नखांत अजून गुलाबी आहे, वहीच्या या पानालाही लागलाय.

आजचा दिवस महत्त्वाचा. आज सूर्य विषुववृत्तावर. मध्यान्हीचा सूर्य डोक्यापासून जितका कललेला तितकाच आपला अक्षांश, मधे कुठलीही वजाबाकी नाही. १२:३४ ला ठिपका ३२.० सेंटिमीटरवर. कोन निघतो १७.७ अंश. नकाशातलं सोलापूर १७.७ च्या अगदी किंचित खाली. गच्चीवर उडी मारली आणि मग बाबा झोपलेत हे आठवलं.

जुन्या ज्योतिषग्रंथांत हेच माप आहे. शंकू, म्हणजे उभी काठी, बारा अंगुळांचा घ्यायचा आणि विषुवदिनी मध्यान्हीला त्याची सावली मोजायची. तिला पलभा म्हणतात. गाव कुठं आहे हे सांगायला तेवढा एक आकडा पुरायचा. माझ्या मापावरून सोलापूरची पलभा ३.८४ अंगुळं. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त छायाव्यवहार नावाचं प्रकरणच आहे. ग्रंथ ११५० चा.

आज एकटी नव्हते. जळगावला माझी मावसबहीण असते. जळगाव जवळजवळ आमच्या थेट उत्तरेला, रेखांश ७५.६. तिनंही आज मीटरची काठी लावली होती, तिकडं मध्यान्ह १२:३५ ला. तिची सावली ३८.० आली, म्हणजे २०.८ अंश. फोनवर म्हणाली, “ताई, आमच्याकडं ऊन तुझ्यापेक्षा जास्त आणि सावलीपण जास्त, हे कसं?” तिच्याच जिल्ह्यात, चाळीसगावजवळ पाटणच्या देवळात एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा. मी तिला तिकडं सहल काढायला सांगितलंय. ती म्हणाली, परीक्षेनंतर.

२५ मार्च

एराटोस्थेनीसचा हिशेब करून बघितला. दोन गावांतल्या सावल्यांवरून पृथ्वीचा घेर काढणारा तो जुना ग्रीक. सोलापूर आणि जळगाव यांच्या कोनांत फरक ३.०६ अंश. नकाशावर दोन्ही शहरांतलं सरळ अंतर साधारण ३७० किलोमीटर. तर ३६० अंशांना किती? साडेत्रेचाळीस हजार. खरा घेर चाळीस हजार. माझी पृथ्वी नऊ टक्के जाड.

चूक शोधली. माझ्याकडं भोकाचा पत्रा होता, बहिणीकडं नुसती काठी. तिची सावली करड्या कडेमुळं चार मिलिमीटर आखूड मोजली गेली असणार. एवढ्याशा मापानं साडेतीन हजार किलोमीटर वाढले. गंमत म्हणजे दोघींनी नुसत्या काठ्या लावल्या असत्या तर दोघींची चूक एकाच बाजूला गेली असती आणि वजाबाकीत बरीचशी उडून गेली असती. मी एकटीच शहाणी झाले म्हणून उत्तर बिघडलं.

सरांनी मात्र बोट वेगळ्याच ठिकाणी ठेवलं. “हे ३७० कुठून आणलंस?”

“नकाशावरून.”

“नकाशा काढणाऱ्याला कसं कळलं?”

मी गप्प. नकाशातली अंतरं अक्षांश-रेखांश आणि पृथ्वीचा आकार धरूनच काढलेली. म्हणजे पृथ्वीचा घेर वापरून मी पृथ्वीचा घेर काढत होते. एराटोस्थेनीसकडं सिएने ते अलेक्झांड्रिया हे अंतर होतं ५,००० स्टेडिया (ग्रीकांचं अंतराचं माप), आणि सावलीचा कोन वर्तुळाचा पन्नासावा भाग. पाच हजार गुणिले पन्नास, अडीच लाख. हे मी तीन वेगवेगळ्या इयत्तांत वाचलंय. ते पाच हजार कुणाचे पाय दुखल्यावर मिळाले, हे एकदाही मनात आलं नाही.

‘चाळीस हजार’ हा आकडा इतका गोल का, याचंही उत्तर आज मिळालं. फ्रेंचांनी १७९१ साली मीटर ठरवला तोच मुळी उत्तर ध्रुव ते विषुववृत्त या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणून. म्हणजे माझा टेपच पृथ्वीवरून कापलेला.

प्रकल्पात हा भाग ठेवला. वर लिहिलं, अंतर स्वतंत्रपणे मोजलेलं नाही.

६ एप्रिल

बहिणीनंही भोकाचा पत्रा केला. आज दोघींनी १२:२९ च्या सुमारास मोजलं. सोलापूर २०.०, जळगाव २५.९. फरक ३.२१ अंश, घेर साडेएक्केचाळीस हजार. अजूनही जाडच, पण कमी.

मोजायला जागा मिळवणं हीच आजची मेहनत. गच्चीभर वाळवण. आईच्या, काकूंच्या आणि समोरच्या घराच्याही कुरडया आमच्याच गच्चीवर, कारण आमची गच्ची उंच. माझ्या उत्तर-दक्षिण रेषेवर साबुदाण्याच्या चकल्यांची एक पूर्ण साडी. साडी हातभर सरकवली तर खालून आवाज, “चकल्यांना हात लावू नको, ओल्या आहेत!” शेवटी ठिपका एका चकलीवर पडला. चकली उचलली, खूण केली, चकली परत ठेवली. कुणाला सांगितलेलं नाही.

२० एप्रिल

सावली डब्यावर चढली.

हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, सरांच्यासुद्धा. डबा बोटभर कमी एक वीत रुंद. सावली जानेवारीत लांब होती, त्यामुळं डब्याचा काही संबंध येत नव्हता. आता ती ११ सेंटिमीटर झालीय आणि ठिपका फरशीऐवजी डब्यातल्या खडबडीत काँक्रीटवर, म्हणजे वेगळ्याच उंचीवर पडतोय. सगळ्यात रंजक दिवस जवळ आले आणि उपकरण निकामी.

तोंड पाडून जेवायला बसले. बाबा नुकतेच उठले होते. त्यांनी एकच विचारलं, “सळई कशाला लागती? तुला भोक लागतंय ना?” संध्याकाळी पाळीला जायच्या आधी कुठून तरी लोखंडी अँगल आणला, कठड्याला आडवा बांधला, पुढच्या टोकाला माझा पत्रा स्क्रूनं बसवला. खाली सगळं मोकळं. आणि भोकाच्या बरोबर खालचा बिंदू कसा काढायचा? त्यांनी ओळंब्याचा दोरा जिभेवर ओला केला, दोन बोटांत पिळला आणि एका फटक्यात भोकातून ओवला. पंचवीस वर्षं तुटलेले तार जोडणारा हात. मला तीन वेळा करून जमलं नाही. बिंदू काढून झाला की दोरा काढून घ्यायचा, मग भोकातून ऊन.

ओळंबा पाचच मिनिटांत स्थिर झाला. वारा नव्हता. पारा चाळिशीपार आहे, वारा असता तर बरं झालं असतं.

४ मे

परीक्षा. चौदा दिवसांत पाचच मोजमापं. आज ३.१ सेंटिमीटर.

वाचन शून्य पानं. शिकवणीतल्या पोराला मात्र सावलीचा प्रकार सांगितला. त्यानं विचारलं, “मग दिल्लीत सावली कधी नाहीशी होते?” कधीच नाही, म्हटलं. कर्कवृत्ताच्या उत्तरेला सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. त्याला फार आनंद झाला. दिल्लीला जे नाही ते सोलापूरला वर्षातून दोनदा.

१० मे

आज सूर्याची क्रांती, म्हणजे तो विषुववृत्तापासून किती अंश उत्तरेला गेलाय तो आकडा, आणि सोलापूरचा अक्षांश एक होतो. वेळ १२:२३. अंगण, खांब, पाण्याची टाकी, कशालाच बाजूला सावली पडणार नाही. बाबा मुद्दाम झोपले नाहीत. आज्जी जिना चढून वर आली, गवंडीकाका आले, शिकवणीतली दोन्ही पोरं आली. काकांनी स्टीलचा पेला उपडा ठेवला, त्याची सावली त्याच्याच पोटात जाते का ते बघायला.

१२:१४ ला पश्चिमेकडून ढग आला. १२:२३ ला गच्चीवर सगळीकडंच सावली होती.

कुणी काही बोललं नाही. आज्जी म्हणाली, “पाऊस पडला तर बरंच आहे की.” १२:३१ ला ऊन परतलं. ठिपका बिंदूच्या पूर्वेला ३.३ सेंटिमीटर. आठ मिनिटांत सूर्य तेवढा पश्चिमेला कलला होता. उत्तर-दक्षिण फरक मात्र टेपवर वाचता येईना, इतका कमी. एवढंच लिहिलं. १२:२३ च्या रकान्यात ‘ढग’.

१२ मे

सगळ्यांना वाटलं काम संपलं. मलाही. आज वर गेले ती अँगल सोडायला, पाना हातात घेऊन. १२:२० झाले होते म्हणून सहज थांबले.

१२:२३ ला ठिपका बिंदूच्या दक्षिणेला पडला. एक सेंटिमीटर.

चार महिने रोज उत्तरेकडं तोंड करून मोजत होते. रेषा उत्तरेलाच आखलेली, खडूच्या सगळ्या खुणा उत्तरेला. दक्षिणेला आखायचं कधी सुचलंच नाही. सूर्य आता आमच्याहून उत्तरेला गेलाय, सोलापूरची दुपारची सावली आता विजापूरकडं पडतेय. २१ जूनला ती १० सेंटिमीटर होईल, तिथून परत फिरेल. बिंदूपासून दक्षिणेला टाचेनं धूळ सारली आणि रेषा वाढवली.

जमाखर्च: ७ जानेवारीपासून आजपर्यंत १२६ दिवस. मोजलेले ६८, कोरे ५८. कोरे का: प्रात्यक्षिक आणि परीक्षा १९, पाण्याचा दिवस १४, टॉवेलचा टेम्पो ८, ढग ६, झोप लागली २, कारण लिहायचं राहिलं ९. सर म्हणाले, हा तक्ता परिशिष्टात नको, पुढं घे.

आई विचारत होती, अँगल काढायचा का, वाळवणाच्या दोरीला आडवा येतो. म्हटलं, २ ऑगस्टपर्यंत राहू दे. सूर्य परत जाताना तेव्हा एकदा डोक्यावर येतो. पावसाळा असेल, ढगच असतील बहुतेक. वहीत रकाना आखून ठेवलाय, वेळ १२:३२.